प्रकाशनसंस्थेचे नेतृत्व बदलते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी प्रकाशनव्यवसायात सध्या पिढीपालट चालू आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ज्यांनी संस्था उभारल्या त्यांच्यापैकी बहुतेक जण आता हयात नाहीत आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसेही निवृत्तीला आली आहेत. संपादक म्हणून काम करताना मी तीन प्रमुखांचा कारभार जवळून पाहिला. सहकाऱ्यांनी, लेखकांनी आणि नव्याने जबाबदारी अंगावर घेतलेल्या तरुणांनी त्या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या संस्थांमध्ये मी काम केले त्यांची नावे येथे घेतलेली नाहीत. नावानिशी दिलेली उदाहरणे सर्वांना ठाऊक असलेली आहेत.

प्रकाशनसंस्थेतील नेतृत्वबदल इतर व्यवसायांतल्या बदलापेक्षा वेगळा का मानायचा?

कारखान्याचा व्यवस्थापक बदलला तरी यंत्रे, कच्चा माल आणि मागणीपत्रके जागच्या जागी असतात. प्रकाशनसंस्थेची मालमत्ता मात्र फक्त गोदामातल्या गठ्ठ्यांमध्ये नसते. कोणत्या लेखकाला पत्रच लिहावे लागते आणि कोणाला फोन चालतो, कोणती कादंबरी चार वर्षांपासून ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनावर थांबली आहे, कोणत्या दिवंगत लेखकाच्या वारसांमध्ये बोलणे बंद आहे आणि त्यांपैकी कोणाच्या नावाने धनादेश काढायचा, कोणता विक्रेता उशिरा देतो पण बुडवत नाही, हे सारे एका माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस गेला की ही माहितीही जाते.

दुसरी गोष्ट रुचीची. एखादे हस्तलिखित का स्वीकारले आणि दुसरे का परत केले, याचे निकष क्वचितच कोणी लिहून ठेवतो. वर्षानुवर्षे शेजारी बसून, परत केलेल्या हस्तलिखितांच्या समासातली पेन्सिलीची टिपणे वाचून ते कळतात. म्हणून माझ्या मते नेतृत्वबदलाची तयारी म्हणजे मुख्यतः तोंडी असलेले कागदावर आणणे होय, आणि ती तयारी जुना प्रमुख खुर्चीवर असतानाच झाली पाहिजे.

मराठीत असे बदल याआधी कसे झाले? त्यांतून काही शिकण्यासारखे आहे का?

पुष्कळ आहे, आणि या प्रश्नाला मी थोडा अधिक वेळ देणार आहे, कारण आपल्याकडे अनुभव असूनही आपण तो वापरत नाही.

‘केसरी’ १८८१ साली निघाला तेव्हा त्याचे संपादक आगरकर होते. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, या वादातून १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले, टिळकांनी ते घेतले आणि पुढच्याच वर्षी आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. एकाच पत्राच्या चौकटीत दोन परस्परविरोधी धोरणे कोंबण्यापेक्षा दोन पत्रे निघाली, हे मराठी वाचकाच्या हिताचेच झाले. पुढे १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि १९०८ नंतरची सहा वर्षे तर ते मंडालेच्या तुरुंगात होते. तरीही ‘केसरी’ बंद पडला नाही, कारण नरसिंह चिंतामण केळकर आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्यासारखे सहकारी लेखणी चालवण्याइतके आधीच तयार झालेले होते. संपादक तुरुंगात जाऊ शकतो हे गृहीत धरून चालणाऱ्या पत्राला दुसरी फळी ठेवावीच लागते. आजच्या संस्थांवर तशी वेळ येत नाही, म्हणून दुसऱ्या फळीचा विचारही होत नाही.

‘साधना’ साप्ताहिकाचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. साने गुरुजींनी ते १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केले आणि १९५० च्या जूनमध्ये ते गेले. संस्थापक दोन वर्षांच्या आत गेल्यावर बंद पडलेल्या नियतकालिकांची आपल्याकडे कमतरता नाही. ‘साधना’ मात्र संपादकांच्या अनेक पिढ्यांतून चालत राहिले. १९९८ मध्ये नरेंद्र दाभोलकर संपादक झाले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. एखाद्या संस्थेवर याहून भयंकर आघात कोणता असू शकतो? तरीही साप्ताहिक निघत राहिले. दाभोलकरांच्या हयातीतच संपादनाची मोठी जबाबदारी विनोद शिरसाठ यांच्यासारख्या तरुण सहकाऱ्याकडे आलेली होती आणि पुढे तेच संपादक झाले. वारसदार रक्ताच्या नात्यातला नव्हता आणि त्याला तयार होण्यासाठी वेळ मिळाला होता, या दोन्ही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

‘किर्लोस्कर’ परिवारातल्या ‘स्त्री’ मासिकाच्या संपादक विद्या बाळ १९८६ मध्ये तेथून बाहेर पडल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. तेथेही संपादनाची धुरा त्यांच्या हयातीतच गीताली वि. मं. यांच्याकडे आली.

सगळी उदाहरणे सातत्याचीच आहेत असे नाही. ‘मौज’ प्रकाशनसंस्थेचे ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद झाले, पण ‘मौज’ची ग्रंथनिर्मिती चालू राहिली, म्हणजे संस्थेने आपल्या कामाचा एक भाग सोडून दुसरा टिकवला. प्रकाशक केशवराव कोठावळे १९८३ मध्ये गेल्यानंतर त्यांची ‘मॅजेस्टिक’ ही संस्था आणि १९६४ पासून चालत आलेले ‘ललित’ मासिक पुढच्या पिढीने सांभाळले. वाईला मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ मध्ये गेल्यानंतरही पुढे चालले आणि मे. पुं. रेगे यांनी ते हाती घेतले. विश्वकोशाला एक मोठी सोय होती : परिभाषेचा संग्रह छापलेला होता आणि नोंदींच्या लेखनाची पद्धत ठरलेली होती. प्रमुख संपादक बदलला तरी कोणत्या संज्ञेला कोणता मराठी शब्द वापरायचा यावर पुन्हा पहिल्यापासून वाद घालावा लागला नाही.

मी लेखक आहे. माझा करार जुन्या प्रकाशकांशी झाला होता. नव्या प्रमुखांवर तो बंधनकारक आहे का?

करार कोणाशी झाला हे आधी पाहावे. संस्था कंपनी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी असेल तर करार त्या कायदेशीर व्यक्तीशी झालेला असतो आणि संचालक बदलल्याने तो बदलत नाही. संस्था साधी भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ नुसार भागीदाराच्या मृत्यूने ती विसर्जित होते. भागीदारांमध्ये तसे न होण्याचा करार असेल तरच ती चालू राहते. एकल मालकीच्या संस्थेत मालक आणि संस्था कायद्याच्या दृष्टीने एकच असतात, त्यामुळे मालकाच्या मृत्यूनंतर हक्क आणि देणी दोन्ही वारसांकडे जातात. मराठीतल्या कित्येक छोट्या संस्था याच शेवटच्या प्रकारातल्या आहेत, हे लेखकांनी ध्यानात ठेवावे.

त्यानंतर करारातला मजकूर वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मानधनावर दिले हे त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास तो लेखकाकडे परत जातो. ज्यांच्याकडे फक्त ‘आपले पुस्तक आम्ही काढत आहोत, दहा टक्के देऊ’ एवढे एक आंतर्देशीय पत्र आहे, त्यांनी नेतृत्वबदलाची संधी साधून नीट करार करून घ्यावा. नवा प्रमुख सुरुवातीच्या दिवसांत अशा गोष्टींना सहसा नाही म्हणत नाही, आणि त्यालाही आपल्याकडे नेमके काय आहे ते त्यामुळेच कळते.

दिवंगत लेखकांच्या पुस्तकांचे काय?

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात. साने गुरुजींचे साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले, ते याच हिशोबाने. नव्या प्रमुखाने आपल्या यादीतल्या प्रत्येक दिवंगत लेखकासमोर मृत्यूचे वर्ष, वारसाचे नाव, शेवटचे मानधन दिल्याची तारीख आणि शेवटच्या आवृत्तीचे वर्ष लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण याच यादीतून पुनर्मुद्रणाची पुढची दहा वर्षे डोळ्यांसमोर उभी राहतात.

मी ज्या संस्थेत होतो तेथे एका कथालेखिकेच्या मुलीला संस्थापकांनी तोंडी शब्द दिला होता की आईचे एकही पुस्तक ‘आवृत्ती संपली’ या अवस्थेत राहणार नाही. संस्थापक गेल्यावर तो शब्द कोणालाच ठाऊक नव्हता, मलाही नाही. तिने सहा वर्षे वाट पाहिली आणि सर्व हक्क दुसरीकडे दिले. तिची काही चूक नव्हती. आम्ही एका चांगल्या लेखिकेचे आठही संग्रह केवळ अज्ञानामुळे गमावले, याची खंत मला अजूनही आहे.

ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांचे हक्क जुन्या करारात येतात का?

नवे प्रमुख बहुधा पहिल्याच महिन्यात हा प्रश्न विचारतात, आणि तो योग्यही आहे. श्राव्य पुस्तकांचे ‘स्टोरीटेल’ हे ॲप २०१७ मध्ये भारतात आले तेव्हापासून मराठी श्राव्य पुस्तकांना खरा श्रोता मिळाला आहे. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ मध्ये अशी तरतूद आली की करार होताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिले गेले असे मानता येत नाही. १९८५ च्या करारावर विसंबून २०२५ मध्ये ध्वनिमुद्रण करणे म्हणूनच धोक्याचे आहे. प्रत्येक पुस्तकासाठी लेखकाचे किंवा वारसांचे वेगळे संमतिपत्र घ्यावे आणि या विक्रीतला वाटा छापील पुस्तकाच्या वाट्याहून वेगळा ठरवावा, कारण येथे कागद, बांधणी आणि गोदाम यांचा खर्च नसतो.

नवे प्रमुख सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा म्हणतात. जुने सहकारी विरोध करतात. कोणाचे बरोबर?

दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि हा वाद नीट हाताळला तर संस्थेतल्या इतर वादांची धारही कमी होते, असा माझा अनुभव आहे.

खिळ्यांची जुळणी गेली, ऑफसेट आले, मग संगणकावरची अक्षरजुळणी आली. त्या काळात बहुतेक मराठी संस्थांनी श्रीलिपी किंवा आयएसएम यांसारख्या प्रणालींवर पुस्तके जुळवली. त्या धारिकांमध्ये, म्हणजे संगणकावरच्या फाइलींमध्ये, अक्षरे त्या त्या प्रणालीच्या स्वतःच्या संकेतांत साठवलेली आहेत, त्यामुळे फॉन्ट काढून घेतला की मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होतो. ई-पुस्तक, शोध, संकेतस्थळ यांपैकी कशालाच तो मजकूर सरळ वापरता येत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा संकेत सगळीकडे एकच असतो, म्हणून नव्या प्रमुखाचा आग्रह येथे रास्त आहे.

मात्र रूपांतर बटण दाबून पूर्ण होत नाही. जोडाक्षरे, रफार, अवतरणचिन्हे आणि विशेषतः अर्धा र येथे हमखास घोटाळे होतात. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. रूपांतरात पहिल्याचे दुसरे झाले तर शब्दतपासणी ते पकडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. ते पकडतो तो मुद्रितशोधक. पुन्हा पुष्कळ युनिकोड फॉन्टांमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी लेखनासाठी जी रूपे मान्य केली, ती हवी असतील तर फॉन्ट पारखून घ्यावा लागतो आणि मजकुराची भाषा मराठी आहे अशी नोंद धारिकेत करावी लागते. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आणि मुंबईच्या आयआयटीचा ‘शोभिका’ हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

आम्ही शेवटी असे ठरवले की वर्षाला वीस पुस्तके रूपांतरित करायची, प्रत्येकाचे पूर्ण मुद्रितशोधन पहिल्या आवृत्तीच्या छापील प्रतीशी ताडून करायचे, आणि कोणती वीस ते ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी निवडायचे. विरोध तेथेच मावळला, कारण ज्यांना आपण कालबाह्य ठरत आहोत अशी भीती होती त्यांच्याच हाती कामाचा निर्णय आला.

नव्या प्रमुखाने सुरुवातीला काय करू नये?

पहिल्या सहा महिन्यांत बोधचिन्ह बदलू नये, पुस्तकांची यादी छाटू नये आणि रखडलेल्या हस्तलिखितांना सरसकट नकारपत्रे पाठवू नयेत. मंद खपाची पुस्तके ही मराठी प्रकाशनाचा कणा आहेत. वर्षाला पन्नास-साठ प्रती जाणारा संदर्भग्रंथ खातेवहीत ओझे दिसतो, पण त्याच्याचमुळे एखादा अभ्यासक किंवा महाविद्यालयाचे ग्रंथालय आपल्या दारी येते. मागणीनुसार थोड्या प्रती छापण्याची सोय आज उपलब्ध आहे, तेव्हा गोदाम अडते हे कारणही पूर्वीइतके बळकट राहिलेले नाही.

करण्यासारखी एकच गोष्ट सांगायची तर ती ही : संस्थेच्या प्रत्येक हयात लेखकाला स्वतः भेटावे. गावी असेल तर गावी जाऊन भेटावे. पत्र पाठवून नवे प्रमुख झाल्याचे कळवणे आणि घरी जाऊन चहा घेणे यांतला फरक लेखक विसरत नाही.

नवे प्रमुख माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. त्यांच्या हाताखाली काम करणे जड जाते.

ही भावना खोटी नाही आणि ती दडपण्यात अर्थ नाही. माझ्या तिसऱ्या प्रमुखांना मी शाळकरी वयात कार्यालयात बागडताना पाहिले होते. त्यांना ‘अहो’ म्हणायला मला काही आठवडे लागले. पण कार्यालयात मी ‘अहो’च म्हणत राहिलो आणि त्यांनी मला ‘काका’ म्हणणे थांबवून ‘सर’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा दोघांनाही मोकळे वाटले. संपादकीय मतभेद लेखी टिपणात मांडावा, चारचौघांत ‘तुमच्या वडिलांच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य उच्चारू नये. ते खरे असले तरी त्याने समोरच्याला उत्तर देण्यासारखे काही उरत नाही.

संस्थापक निवृत्त झाले आहेत, पण रोज कार्यालयात येतात. कोणाचे ऐकायचे?

सही ज्यांची चालते त्यांचे. संस्थापकांना एक निश्चित काम आणि शक्य तर वेगळी खोली द्यावी. संस्थेच्या पत्रव्यवहाराची जुळवाजुळव हे त्यांच्याशिवाय कोणालाही न जमणारे काम आहे.

बाहेरची मोठी कंपनी प्रकाशनसंस्था विकत घेते, तेव्हा काय होते?

वेस्टलँड या भारतीय प्रकाशनसंस्थेची हकिकत लक्षात ठेवावी. ॲमेझॉनने २०१६ मध्ये ही संस्था घेतली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ती बंद करण्याचे जाहीर केले. भारतीय भाषांतल्या पुस्तकांसाठी तिचा ‘एका’ हा विभाग होता, त्यामुळे हा धक्का केवळ इंग्रजी वाचकांपुरता नव्हता. मालकाच्या एकूण व्यवहारात पुस्तके इतकी लहान होती की हा निर्णय त्याला जड गेला नसावा; लेखकांना मात्र आपली पुस्तके बाजारातून जाणार म्हणून धावाधाव करावी लागली. त्यांतली दिलासा देणारी गोष्ट अशी की संपादकांचा संघ एकत्र राहिला आणि काही महिन्यांतच ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन कथामंचाच्या साथीने पुन्हा उभा राहिला.

अमेरिकेतही असेच मंथन चालू आहे. पेंग्विन रँडम हाउसला सायमन अँड शुस्टर विकत घ्यायची होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने ते रोखले, त्यानंतर डिसेंबरमध्ये मुख्य अधिकारी मार्कुस डोले पायउतार झाले आणि निहार मालविया यांच्याकडे सूत्रे आली. २०२३ मध्ये त्या संस्थेने साठीच्या पुढच्या आणि दीर्घ सेवा झालेल्या कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली, आणि अनेक नामवंत संपादक बाहेर पडले. ताळेबंदात ही बचत ठरते. पण त्यांच्याबरोबर लेखकांशी असलेले चाळीस-चाळीस वर्षांचे संबंध गेले, त्यांची नोंद ताळेबंदात होत नाही.

विक्रेत्यांची जुनी उधारी नव्या प्रमुखाने माफ करावी का?

सरसकट नको. हिशोब मिटवण्यासाठी तीन महिन्यांची मुदत द्यावी, न खपलेली पुस्तके परत घ्यावीत आणि नवा व्यवहार नव्या खात्यावर सुरू करावा.

सूत्रे सोपवताना जुन्या प्रमुखाने नेमके काय लिहून द्यावे?

एक जाड वही पुरेशी आहे. तिच्यात प्रत्येक लेखकासाठी एक पान ठेवावे : करार कोठे आहे, तोंडी काय ठरले आहे, कोणते हस्तलिखित अपेक्षित आहे, घरी कोणाशी बोलायचे. मग संस्थेचे लेखनविषयक संकेत लिहावेत : साहित्य महामंडळाच्या नियमांपासून आपण कोठे वेगळे जातो आणि का, बोलीतले संवाद किती जसेच्या तसे ठेवतो, ‘गोष्टी’ आणि ‘कथा’ यांत आपण फरक करतो का. त्यानंतर परत केलेल्या दहा हस्तलिखितांबद्दल प्रत्येकी अर्धे पान लिहावे, आणि ज्या एखाद्या नकाराचा पुढे पश्चात्ताप झाला, तो विशेष करून लिहावा. नव्या माणसाला संस्थेची रुची त्या पानातून जितकी कळेल तितकी यशस्वी पुस्तकांच्या यादीतून कळणार नाही.

वही हाताने लिहिलेली असली तरी चालेल. तिची एक प्रत करारांच्या कपाटात ठेवावी आणि दर दिवाळी अंकाचे काम संपले की दोघांनी मिळून तिच्यात भर घालावी.